टॉवेलच्या गावात गाडी पुसताना

सोलापुरी टॉवेलनं गाडी पुसू नये, असं सोलापुरात म्हटलं की लोक अंगावर येतात. टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं गाव आमचं! पण अंग पुसणं निराळं आणि रंग पुसणं निराळं. सुताच्या फाशात अडकलेला मातीचा एक कण पुरतो. उन्हात गाडी उभी केली की बारीक गोल ओरखडे दिसायला लागतात. म्हणून मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम तंतूंचं मऊ कापड.

रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मा. दर पॉलिशला त्यातलाच थोडा झिजतो. रंग जपायला वरून लावायचं सीलंट आणि वॅक्स, म्हणजे मेण, मात्र वर भर घालतात, तीही डोळ्यांना न दिसणारी. मला या उद्योगाची खरी गंमत इथेच वाटते. आधी घासून घासून जुन्या मेणाचा अंशही काढायचा, मग सीलंटचा हात इतका पातळ फिरवायचा की लावलं का नाही, अशी शंका यावी. जाड लावून जास्त टिकत नाही; पुसताना दंड तेवढे भरून येतात.

मग थांबायचं. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. रंगाला धरून पक्कं व्हायला बऱ्याचशा सीलंटना १२ ते २४ तास लागतात. (तेवढा वेळ सोलापुरात धुळीविना गाडी ठेवायची, हे वेगळंच शास्त्र आहे.) वॅक्स त्यानंतर. उलट केलं तर तेलकट भिंतीला चुना लावल्यासारखं, धरतच नाही.

वॅक्समधलं कारनौबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाचं मेण. तिकडच्या कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानं केलेली तजवीज. दुष्काळी मुलखाचं मेण दुष्काळी मुलखातल्या गाडीवर, म्हणजे सोयरीक तशी जुळलेलीच. ते वितळतं ८२ अंशांच्या पुढे. पण आमच्या ४३ अंशांच्या मे महिन्यात काळं बॉनेट किती तापतं, ते हात ठेवून बघा. वॅक्स काही आठवड्यांत उतरतं, सीलंट काही महिने तग धरतं. माझ्या लेखी सीलंट हे काम, वॅक्स ही हौस. हौस मी सोडत नाही, ते जाऊ दे.

वॅक्सवर पाण्याचे मोत्यासारखे टपोरे थेंब उभे राहतात. बघणारे खूश होतात, मला धडकी भरते. बोअरचं पाणी क्षाराचं. उन्हात तो थेंब जागीच वाळला की पांढरा डाग मागे ठेवतो. त्यामुळे धुणं सावलीत, पुसणं लगेच.

शेजारचे काका हे सगळं कट्ट्यावरून बघत असतात. परवा म्हणाले, "काय बे, नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि तू पाणी न टिकायचं औषध लावतोस?"