कोठीची किल्ली

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून पाठवावीत, असे संपादक मंडळाचे पत्र आले, त्या दिवशी मी जुनी वही काढून आठवणींची यादी करायला बसलो. फाटकाजवळचा लिंब, कवायतीची शिट्टी, पावसाळ्यात गळणारा पाचवीचा वर्ग, मनमाडहून काचीगुड्याकडे जाणाऱ्या गाडीच्या आवाजावर लावलेली आमची घड्याळे, असे पुष्कळ काही त्या यादीत होते. प्रत्यक्ष लिहायला घेतले तेव्हा मात्र मोठ्या बाई समोर येऊन बसल्या आणि बाकी सगळे मागे सरले. ज्या गुरुजनांविषयी या लेखात एक ओळही येणार नाही त्यांची मी आधीच क्षमा मागतो. बाईंचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आमच्या पिढीला ते सांगावे लागत नाही, आणि आपल्या नावाची पाटी कुठेही लागलेली त्यांना खपत नसे.

बाई आम्हाला गणित आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवीत. एकाच बाईंनी हे दोन विषय शिकवावेत याचे तेव्हा काही वाटले नाही, परंतु आता वाटते की त्यांचे शास्त्र समजण्यासारखे होते ते त्यांच्या गणितामुळे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दृष्टांत त्यांनी आम्हाला फळ्यावर आकडे मांडून शिकवला. मूळ ग्रीक वचनात धन्याने पहिल्या चाकराला सोडलेले देणे दहा हजार तालांत आहे आणि त्याच चाकराने सोबतीच्या चाकराला न सोडलेले देणे शंभर दीनार आहे. एक तालांत म्हणजे 6,000 दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे पहिल्या चाकराचे देणे 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. वर्षाचे 300 दिवस काम धरले, तरी ते फेडायला 2 लाख वर्षे लागतील. वर्ग हसला. मग बाईंनी विचारले, "आणि शंभर दीनार म्हणजे किती?" शंभर दिवसांची मजुरी, असे आम्ही म्हणालो. "हे थोडे आहे का?" असे त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा वर्गात कोणी हसले नाही, कारण त्या वर्षी आमच्यापैकी निम्म्या मुलांचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि एका दिवसाच्या मजुरीची किंमत आम्हाला चांगली ठाऊक होती. दुसऱ्याने आपले केलेले नुकसान क्षुल्लक असते म्हणून ते सोडून द्यायचे असते, असे बाईंनी कधीच शिकवले नाही. नुकसान खरे असते, शंभर दिवसांच्या घामाचे असते, आणि तरीही ते सोडायचे असते. कारण आपले त्याहून सहा लाख पटींचे देणे आधीच कोणीतरी सोडलेले आहे.

ते वर्ष 1972 चे होते आणि मी सातवीत होतो. ज्यांनी ते वर्ष मराठवाड्यात काढले त्यांना त्याविषयी काही सांगावे लागत नाही. ज्यांनी काढले नाही त्यांना कितीही सांगितले तरी मिलो या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीची चव कळणार नाही. ती भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. त्या दिवसांत संध्याकाळच्या उपासनेनंतर बाई आम्हाला पंडिता रमाबाईंची हकिकत सांगत. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना घेऊन आल्या, हे सांगताना बाई त्या मुलींच्या जेवणाचे, कपड्यांचे आणि अंथरुणांचे हिशेब आम्हाला तोंडी करायला लावीत. दया म्हणजे डोळ्यांतले पाणी नव्हे, तिला पोती आणि हंडे मोजावे लागतात, हे मी तिथे शिकलो.

बोर्डिंगच्या कोठीत नाताळच्या करंज्यांसाठी गुळाची एक ढेप राखून ठेवलेली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या ढेपेतला पाव किलोभर गूळ मी चोरला. धाकट्या बहिणीसाठी चोरला, असे लिहिले तर लेखाला शोभून दिसेल, परंतु ते खरे नाही. मी तो एकट्याने, पांघरुणात तोंड घालून खाल्ला आणि उरलेला पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवला.

दोन दिवसांनी ढेप तोलली गेली आणि संशय कोठीवरच्या मावशींवर गेला. किल्ली त्यांच्या कनवटीला असे. त्या दिवशी त्या कुलूप लावायला विसरल्या होत्या, हे एकट्या मला माहीत होते. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगण्यात आले. आम्हा मुलांना रांगेत उभे करून विचारण्यात आले, पुन्हा रात्री खोल्यांतून विचारण्यात आले, आणि दोन्ही वेळा मी "नाही" म्हणालो. प्रभू येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याशी बरोबरी व्हायला एक नकार कमी पडला, एवढेच.

मावशी नसल्यामुळे तीन दिवस भाकऱ्या बाई स्वतः करत होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे, उपासनेची घंटा व्हायच्या आधी, त्यांनी मला उठवून स्वयंपाकघरात नेले. चुलीतले निखारे पुढे ओढलेले होते आणि त्यांवर भाकरी फुगत होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली, वर चिमूटभर मीठ-तिखट घातले आणि माझे खाऊन होईपर्यंत एक शब्दही काढला नाही. मग म्हणाल्या, "पोट भरलं का?" मी मान हलवली. "तुझ्या पेटीला मुंग्या लागल्यात. आज कपडे उन्हात टाक."

पेटी त्यांनी उघडलेली नव्हती आणि उघड असेही म्हणाल्या नाहीत. मी रडलो आणि सगळे सांगितले. मला वाटले होते की त्या आता माफ केले म्हणतील आणि प्रकरण मिटेल, पण त्या म्हणाल्या, "माझं काय गेलं रे? गेलं ते मावशीचं. माफी तिच्याकडे माग."

योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटच्या अध्यायावरची अनेक प्रवचने मी पुढे ऐकली. निखाऱ्यांच्या विस्तवासाठी तिथे आलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, हे मला एका पाळकसाहेबांनी वयाच्या पन्नाशीत सांगितले: एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले, आणि एकदा तिबिर्याच्या किनाऱ्यावर, जिथे उठलेल्या प्रभूने मासे भाजून ठेवले होते आणि "या, न्याहारी करा" असे म्हटले होते. तिथे आधी न्याहारी होते आणि प्रश्न नंतर येतात. ते प्रश्नही "का केलेस" असे नसून "माझ्यावर प्रीती करतोस काय" असे आहेत, आणि प्रत्येक उत्तरानंतर पेत्राच्या हाती मेंढरे सांभाळण्याचे काम दिलेले आहे. पाळकसाहेब हे सांगत होते तेव्हा माझ्या नाकात मिलोच्या भाकरीचा वास होता.

मी रेल्वे रुळांपलीकडे मावशींच्या घरी गेलो. त्या सुपात काहीतरी निवडत होत्या. माझे सगळे बोलणे त्यांनी मान वर न करता ऐकले आणि म्हणाल्या, "झालं? जा आता, घंटा व्हईल." दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, परंतु माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याच संध्याकाळी बाईंनी कोठीची दुसरी किल्ली माझ्या हाती दिली आणि रोजचे धान्य मावशींसमोर तोलून देण्याचे काम माझ्याकडे लावले.

त्यावर शिक्षकांच्या खोलीत काय झाले, ते मला पुष्कळ वर्षांनी त्या वेळच्या एका सरांनी हसत सांगितले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत, असे ते सर म्हणाले होते. बाई म्हणाल्या, "प्रभूने यहूदाच्या हाती पैशांची पिशवी दिलीच होती." प्रभूला पुढे शत्रूंच्या हाती देणारा शिष्य तो हाच यहूदा, म्हणून सरांनी विचारले, "आणि त्याचं पुढे काय झालं?" तेव्हा बाई म्हणाल्या, "पेत्राच्या हाती मेंढरंही दिली. दोघांतला हा कोण होतो, ते त्याचं त्याला ठरवू द्या."

पहिले काही दिवस मी तराजू धरायचो तो भीतीने. पारडे हलले की कपाळाला घाम येई. कधी ते भय गेले हे सांगता येत नाही, परंतु फेब्रुवारीत केव्हातरी, ज्वारीचे माप भरताना मी गीतपुस्तकातले एक गीत गुणगुणत असल्याचे माझ्या लक्षात आले, आणि दारात उभ्या असलेल्या बाईंच्याही ते लक्षात आले होते. त्यांनी मला त्या दिवशी नव्या करारातल्या, इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाची आठवी, नववी आणि दहावी अशी तीन वचने पाठ करायला दिली. लोक पहिल्या दोन वचनांवर थांबतात, असे त्यांचे म्हणणे होते. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, एवढे म्हणून थांबणारा माणूस आळशी होतो; आणि केवळ दहाव्या वचनातील सत्कृत्ये तेवढी धरणारा चिडका होतो, कारण आपण किती राबतो हे तो सतत मोजत असतो. लूकाच्या शुभवर्तमानातील मार्था घरी आलेल्या प्रभूसाठी राबत होती आणि तिची बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकत होती; मार्था काम करत होती म्हणून चुकली नाही, ती बहिणीकडे पाहत काम करत होती म्हणून चुकली, असे बाई सांगत. बाई स्वतः पेटी अगदी वाईट वाजवत आणि तरीही रोज वाजवत. सेवेतल्या आनंदाचा मला आठवणारा सर्वांत स्वच्छ आवाज तोच बेसूर आवाज आहे.

मावशींचे मौन मात्र उन्हाळ्यापर्यंत टिकले. मे महिन्याच्या सुटीआधी एके दुपारी त्यांनी मला हाक मारली, पदराच्या गाठीतून एक पोस्टकार्ड काढले आणि सेलूला दिलेल्या आपल्या मुलीला पत्र लिहायला सांगितले. मावशींना अक्षरओळख नव्हती. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो: पाणी नाही, म्हैस विकली, बोर्डिंगचे काम चालू आहे. शेवटी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "लिव्ह, हे पत्र आमच्या कोठीवरलं पोरगं लिहितंय. पोरगं चांगलं हाय." माझा हात थांबला. "लिव्ह की," त्या म्हणाल्या. ते वाक्य मला माझ्या अक्षरात लिहावे लागले.

एक जिल्हा रुग्णालय आणि नंतर दोन ग्रामीण रुग्णालये, असे मिळून 33 वर्षे मी औषध भांडार सांभाळले आणि लेखापरीक्षणाचा एकही आक्षेप न लागता निवृत्त झालो, हे इथे नमूद करण्याचा मोह मला आवरत नाही. बाईंना मी हे सांगायला गेलो तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. त्यांनी सगळे ऐकून विचारले, "आणि कोणाला जास्तीचं काही देता आलं का?" बढाई मारायला गेलेला माणूस खाली मान घालून परत आला.

बाईंना कामात पाहण्याचा शेवटचा प्रसंग किल्लारीचा. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या मंडळीतले काही जण जीप घेऊन त्या भागात गेले. बाई निवृत्त झालेल्या होत्या, तरी आल्या. चहूकडून जुन्या कपड्यांचे ट्रक येत होते, कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत होते, आणि चार दिवसांपूर्वी स्वतःच्या घरात राहणारी शेतकरी माणसे त्या ढिगांकडे पाहत नव्हती. बाईंनी कपड्यांना हात लावला नाही. मलब्यातून निघालेली चेपलेली भांडी गोळा करून त्या एका हातपंपाजवळ बसल्या आणि राखेने घासू लागल्या. भांड्यांवर नावे कोरलेली असतातच. घासलेल्या तांब्यावरचे नाव त्या मोठ्याने वाचत आणि आम्ही ते नाव पुकारत वस्तीतून फिरत असू. काही नावांना कोणी ओ दिली नाही. ती भांडी त्यांनी वेगळी, उपडी मांडून ठेवली. एक म्हातारे गृहस्थ आपल्या सुनेच्या नावाचे पातेले घेऊन बराच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिले, आणि बाईंनी त्यांना शास्त्रातले एकही वचन ऐकवले नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहूदा अजून खोलीतच होता, त्याचेही पाय धुतले गेले, हे बाई आम्हाला वर्गात सांगत. धुताना पाय कोणाचे आहेत ते पाहायचे नसते, असे त्या म्हणत. भांडी मात्र त्या नाव वाचून धूत होत्या. यात विसंगती आहे का, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. बोर्डिंग बंद झाले आहे, कोठीच्या जागी दुचाक्या लावायची शेड आहे आणि सकाळची प्रार्थना ध्वनिक्षेपकावरून वाजते. मुले स्वच्छ आणि हुशार दिसली. इंग्रजी फार चांगले बोलतात. पेटी कुठे आहे असे मी विचारले तेव्हा शिपायाला मी कपड्यांच्या पेटीविषयी बोलतो आहे असे वाटले. आपण बोर्डिंग चालवू शकलो नाही, यात आम्हा माजी विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. वर्गणीची पत्रे मला तीनदा आली होती आणि तीनदा मी ती बाजूला ठेवली होती. पेत्राच्या तीन नकारांचा तो हिशेब इथे पूर्ण झाला म्हणायचा.

संपादकांना एक विनंती आहे. महोत्सवाच्या भोजनासाठी मी गुळाच्या दोन ढेपा पाठवत आहे. वजन मी स्वतः केले आहे, तरी कोठीत ठेवताना पुन्हा तोलून घ्यावे. पावती माझ्या नावाने न फाडता "कोठीवरच्या मावशी" या नावाने फाडावी, आणि सेलूत त्यांच्या मुलीचा पत्ता कोणाकडे असल्यास तिला निमंत्रण जावे.