एलएनजी ट्रकची टाकी: थंडावा येतो कुठून, जातो कुठे

ट्रकच्या चासीला, डिझेलच्या टाकीच्या जागी लावलेलं ते चकचकीत स्टीलचं नळकांडं पाहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे थंड ठेवणारा कॉम्प्रेसर कुठे आहे? कॉम्प्रेसर नसतोच. टाकीत उणे १६२ ते उणे १२५ अंशांच्या दरम्यानचं एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, असतं, बाहेर नागपूरचं ४५ अंशांचं ऊन असतं, आणि मध्ये थंड करणारं एकही यंत्र नाही. बाहेरची उष्णता जवळजवळ आत येऊच द्यायची नाही, आणि तरीही जी येईल ती थोडा गॅस उकळून त्याच्याबरोबर काढून टाकायची, एवढ्यावर सगळं चालतं. माठातलं थोडं पाणी पाझरून उडतं आणि उरलेलं गार राहतं, तसंच. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की टाकीवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हचं काम आपोआप कळतं आणि निम्म्या तक्रारी गेज पाहूनच सुटतात.

आधी टाकीची बांधणी. आतलं भांडं ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचं, कारण साधं लोखंड या तापमानाला काचेसारखं ठिसूळ होतं. त्यावर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल आणि काचतंतूंचा कागद यांचे एकाआड एक अनेक थर गुंडाळलेले असतात. बाहेर दुसरं भांडं, आणि दोन्हींच्या मधली हवा काढून घेतलेली. आतलं भांडं दोन टोकांना फायबरग्लासच्या आधारावर तोललेलं असतं, म्हणजे धातूतून उष्णता आत वाहत जात नाही. निर्वात पोकळीत हळूहळू सुटणारे वायूचे रेणू शोषून घ्यायला आत शोषक पदार्थ ठेवलेला असतो. थर्मास आणि ही टाकी यांचं तत्त्व एकच, फक्त इथे खड्ड्यांतले हादरे सोसायचे असतात.

निर्वात शाबूत असेल तर आत किती उष्णता शिरते? समजा ५ वॅट. मोबाईलचा जुना साधा चार्जर देतो तेवढी. दिवसभराचा हिशोब ४३२ किलोज्यूल होतो. एक किलो एलएनजी उकळायला साधारण ४५० ते ५०० किलोज्यूल लागतात, म्हणजे दिवसाला एक किलोहूनही कमी. चालत्या जड ट्रकला तेवढा गॅस काही मिनिटांत लागतो. म्हणूनच रोज धावणाऱ्या गाडीची टाकी गॅस बाहेर सोडताना दिसत नाही. ती दिसते उभ्या गाडीची.

उन्हाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ट्रक सावलीत लावला की टाकी वाचली, असं लोक धरून चालतात. आत उणे १३० आणि बाहेर ४५ असेल तर फरक १७५ अंशांचा. बाहेर २० असेल तर १५० चा. किरणांनी येणारी उष्णता फरकाच्या हिशोबाहून थोडी जास्त वाढते हे धरलं, तरी ऊन आणि सावली यांतला फरक टाकीच्या दृष्टीने किरकोळ आहे. निर्वात गेलं तर मात्र तीच उष्णता ५ वॅटवरून शेकडो वॅटवर जाते. सावली शोधण्यापेक्षा टाकीच्या अंगावरून हात फिरवा. बाहेरचं भांडं कोरडं आणि हवेच्या तापमानाचं असायला हवं. त्याच्या अंगावर घाम फुटलेला दिसला, किंवा पांढरा बर्फाचा थर चढलेला दिसला, तर निर्वात गेलं आहे. ते गॅरेजात भरून निघत नाही. टाकी रिकामी करून अधिकृत ठिकाणीच न्यावी लागते. टोकाशी असलेल्या नळ्या आणि व्हॉल्व्हवर गाडी चालताना बर्फ धरतो, तो चालतो. ड्रायव्हरला हा फरक टाकीपाशी उभं राहून एकदा दाखवावाच.

आता गेज. एलएनजीच्या टाकीत दाबाचा काटा हाच थर्मामीटर असतो, कारण द्रव आणि त्याच्यावरची वाफ यांचा समतोल तापमानाने ठरतो. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो शुद्ध धरला तर हवेच्या दाबाला उणे १६१.५ अंश. गेजवर सुमारे २.७ बार (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाएवढा दाब) दिसला तर द्रव उणे १४३ ला आहे, ५.४ बारला उणे १३३, ९.४ बारला उणे १२३, आणि १६ बारला उणे १११. बहुतेक टाक्यांचा पहिला सेफ्टी व्हॉल्व्ह १६ बारच्या आसपास उघडतो आणि दुसरा, राखीव, २४ च्या आसपास. राखीव व्हॉल्व्हच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी असते. ती निघालेली दिसली की एकतर पहिला व्हॉल्व्ह अडकला असून दुसऱ्यावर वेळ आली होती, नाहीतर टोपी कुठेतरी घासून पडली. दोन्ही वेळा तपासणी हवीच. उघड्या तोंडात पावसाचं पाणी शिरून ते गोठलं, तर राखीव व्हॉल्व्हच बंद पडतो.

तापल्यावर द्रव फुगतं, आणि पाण्याच्या मानाने फारच फुगतं. उणे १२६ वरून उणे १११ ला जाताना एलएनजीचं आकारमान जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतं. म्हणून ४५० लिटरच्या टाकीत ४०५ लिटरच्या आसपासच भरतात आणि वरचा दहावा भाग वाफेसाठी मोकळा ठेवतात. पातळीचं गेज ९० टक्के दाखवतंय म्हणून पंपावर आणखी थोडं ढकलायचा आग्रह धरू नये. वाफेची गादी संपली की द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि दाब एका झटक्यात चढतो. हीच गोष्ट नळीच्या तुकड्याला लागू होते. दोन बंद व्हॉल्व्हांमध्ये अडकलेलं द्रव तापलं की नळी फोडेल इतका दाब तयार होतो. दुरुस्तीसाठी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला असेल, तर इंजिनाकडची बाजू आधी मोकळी करून घ्या.

उभी गाडी किती दिवस टिकेल, याचं गणित कागदावर सोपं आहे. १५० किलो द्रव, दिवसाला ४३२ किलोज्यूल, म्हणजे रोज पाऊण ते एक अंश. ८ बारवरून १६ बारला जायला १५ अंशांची चढण आहे, म्हणजे दोन ते तीन आठवडे. प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत. उभ्या टाकीत गरम थर वर जाऊन बसतो आणि दाब त्या वरच्या थराच्या तापमानाने ठरतो, तळाच्या नाही. आंतरराष्ट्रीय नियमात, आर-११० मध्ये, टाकीने किमान पाच दिवस गॅस न सोडता तग धरला पाहिजे असं आहे. आपण नियोजन तेवढंच धरून करावं. मोठी चूक इथे पुढे होते. टाकीत ३० किलोच उरलं असेल तर तीच उष्णता पाचपट कमी द्रवात शिरते, रोज चार अंश, आणि चार दिवसांत सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे सुट्टीवर जाताना टाकी जवळजवळ रिकामी करून गाडी उभी करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. एकतर थंड माल भरून ठेवा, नाहीतर पूर्ण संपवा.

दाब चढलाच आहे आणि गाडी निघणार आहे, तर घाबरण्याचं कारण नाही. पहिल्या दोन-चार किलोमीटरांत द्रव हिंदकळतं, थर मिसळतात आणि काटा आपोआप थोडा खाली येतो. पुढचं काम इकॉनॉमायझर करतो. हा छोटासा रेग्युलेटर आहे: टाकीचा दाब ठरलेल्या आकड्याच्या वर असेल तर तो इंजिनाला तळच्या द्रवाऐवजी वरची वाफ देतो. द्रव काढलं तर उरलेल्याचं तापमान जवळजवळ तसंच राहतं. वाफ काढली की ती भरून काढायला द्रव उकळतं आणि उरलेलं गार होतं. १०० किलोच्या टाकीतून एक किलो वाफ काढली तर उरलेलं द्रव एका अंशाहून थोडं जास्त गार होतं आणि दाब जवळजवळ अर्ध्या बारने उतरतो. इकॉनॉमायझर बंद अवस्थेत अडकला तर गाडी दिवसभर धावूनही दाब उतरत नाही. उघडा अडकला तर गाडी उलट दाब खाऊन टाकते, आणि चढावर इंजिनाची ताकद पडते. घाटात दम न लागणारी गाडी अचानक दम टाकू लागली तर फिल्टर बदलण्याआधी टाकीच्या दाबाचा काटा पाहा.

दाब कमी पडण्याचं दुसरं कारण पंपावरच असतं. टाकीत पंप नसलेल्या गाड्या टाकीच्या दाबावरच इंजिनाला गॅस पोचवतात, आणि तो साधारण ८ बार लागतो. त्यासाठी पंपवाले एलएनजी मुद्दाम थोडं गरम करून, त्या दाबाला आणून देतात. टँकरमधून आलेलं ३ बारचं थंड एलएनजी तसंच भरलं तर वजन जास्त मिळतं आणि टाकी जास्त दिवस टिकते, पण इंजिन उपाशी राहतं. दोन्ही मिळत नाही. कोणत्या दाबाचं भरताहेत हे पंपावर विचारायला संकोच करू नये.

भरताना: गाडी बंद, हँडब्रेक, चाकाला अडसराचा ठोकळा, आणि सगळ्यात आधी अर्थिंगचा क्लॅम्प. मग नोझल आणि गाडीचं तोंड दोन्हींवर कोरडी हवा किंवा नायट्रोजन मारून पाण्याचा थेंबही उरू द्यायचा नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत ही पायरी वगळली तर थेंबाचा बर्फ होतो, नोझल अडकतं किंवा सीलमधून गळतं. अडकलेल्या नोझलवर हातोडा चालवू नये. कोरडी हवा मारत थोडं थांबलं की सुटतं. एलएनजी वरून फवाऱ्याने आत जातं, फवारा वाफेला गार करून पुन्हा द्रव करतो, आणि त्यामुळे एका नळीने गॅस न सोडता भरता येतं. टाकीचा दाब पंपाच्या दाबाहून जास्त असेल तर मात्र माल आत जाणारच नाही. आधी व्हेंटची, म्हणजे वाफ बाहेर काढायची, नळी जोडून वाफ पंपाच्या टाकीत परत द्यावी लागते. हवेत सोडू नये. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, लांब बाह्या, सैल क्रायोजेनिक (अतिथंड द्रवासाठीचे) हातमोजे जे झटक्यात काढता येतील, आणि पँट बुटाच्या बाहेर. बुटात खोचलेल्या पँटमध्ये शिंतोडे उतरले तर पाय भाजल्यासारखा जखमी होतो.

नवीन किंवा पूर्ण तापलेल्या टाकीचं पहिलं भरणं वेगळं. आतलं १०० किलो स्टील ३५ अंशांवरून उणे १३० ला आणायचं म्हणजे सुमारे साडेसहा हजार किलोज्यूल काढायचे. त्यातच दहा-पंधरा किलो एलएनजी उकळून जातं. म्हणून आधी टाकीच्या एक दशांशाएवढंच भरायचं, वाफ परत द्यायची, थोडं थांबायचं किंवा फेरी मारून यायचं, आणि मग पूर्ण भरायचं. घाई केली की पंप मध्येच थांबतो आणि दोष मशीनला लागतो.

टाकीतून निघालेलं द्रव हीट एक्स्चेंजरमध्ये इंजिनाच्या कूलंटवर गरम होऊन गॅस बनतं. आपल्याकडे हाच भाग सर्वांत जास्त बिघडतो, आणि कारण जवळजवळ नेहमी तेच: कूलंट कमी झालं म्हणून कुणीतरी रस्त्यात साधं पाणी ओतलेलं असतं. उणे १३० अंशांचं द्रव शेजारून वाहत असताना पाणी आतच गोठतं आणि हीट एक्स्चेंजरची नळी चिरते. मग गॅस कूलंटमध्ये शिरतो आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे दिसतात. कूलंट गोठू न देणाऱ्या ग्लायकॉलचं प्रमाण कंपनीने सांगितलेलंच ठेवा. एक्स्चेंजरनंतरच्या नळीवर बर्फ दिसला तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा प्रवाह थांबला आहे. तसंच चालवलं तर थंड द्रव रेग्युलेटरपर्यंत जातं आणि रबरी सील तडकतात.

सीएनजीचं दुखणं नेमकं उलटं आहे. तिथे थंडावा सांभाळायचा नसतो, भरताना तयार होणारी उष्णता सोसायची असते. २०० बार हा आकडा १५ अंशांना धरलेला आहे. झपाट्याने भरताना सिलिंडरमधला गॅस तापतो, म्हणून ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये हिशोबाने दहा किलो बसायला हवेत तिथे आठ-नऊच जातात, आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. ती पंपाची लबाडी नसते.

शेवटी वासाबद्दल. सीएनजीला आणि घरच्या गॅसला वास घातलेला असतो. एलएनजीला घालता येत नाही, कारण वासाचा पदार्थ त्या तापमानाला गोठतो. गळती नाकाला कळणार नाही. केबिनमधला आणि टाकीजवळचा मिथेन डिटेक्टर म्हणूनच आहे, आणि सारखा वाजतो म्हणून त्याची वायर काढून ठेवणारा माणूस सगळ्या गॅरेजचा जीव धोक्यात घालतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन पेट घेतो. नुकतीच निघालेली थंड वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरते. तापली की वर जाऊन पत्र्याखाली साचते. शेडला आढ्याशी झरोका नसेल आणि खाली खड्डा असेल, तर टाकीत माल असलेली गाडी त्या शेडमध्ये घेऊ नका. अंगणातच उभी करा आणि तिथेच काम करा.