तुम्ही विचारलंत म्हणून: बाकीच्या मुलांची भीती वाटायची का?

ओपीडी संपत आली की एखादी आई मुलीला पुढे ढकलते. मुलगी अकरावी-बारावीची, हातात फाइल, नजर टेबलावर. "मॅडम, हिला जरा सांगा. क्लासमधली बाकीची पोरं लई हुशार आहेत म्हणते, घाबरून गेलीये. तुम्हाला नव्हती का वाटत भीती?"

वाटायची. आणि उगाच वाटत नव्हती.

मी २०१६ ची बारावी. त्या वर्षी ५ मेला आम्ही सीईटी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाची राज्याची परीक्षा, दिली. ९ मेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यांच्या परीक्षा चालणार नाहीत, सगळ्या देशाची एकच नीट हवी. मग २४ मेला अध्यादेश आला, यंदापुरत्या सरकारी जागा सीईटीवर भरता येतील. त्या एकोणीस दिवसांत आमच्या घरात कोणी धड जेवलं नसेल. इतकं होऊनही मार्क कमी पडलेच. ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा तयारी, आणि जालन्याहून लातूरला क्लाससाठी गेले. सीईटीला फक्त बारावीचा अभ्यासक्रम होता, चुकलं तरी मार्क कापत नसत. नीटला अकरावीही आली आणि एका चुकीला एक मार्क वजा. अकरावी मी, खरं सांगायचं तर, पास होण्यापुरती केलेली.

लातुरात उतरल्यावर पहिल्यांदा दिसले ते फ्लेक्स. पासपोर्ट फोटोतली मुलं, खाली मार्क. क्लासमध्ये दर आठवड्याला टेस्टची यादी भिंतीला लागायची आणि आम्ही वरून वाचायला सुरुवात करायचो. माझं नाव यायला बोट बरंच खाली न्यावं लागे. पहिल्या टेस्टला माझा नंबर दोनशेच्याही खाली होता. मेसमध्ये पोळीची वाट बघताना मुली एकमेकींना फिजिक्सचे प्रश्न घालायच्या आणि मी वरणाकडे बघत बसायची.

लोक सांगतात, "तुझी स्पर्धा तुझ्याशीच." माझा या वाक्यावर राग आहे. माझी स्पर्धा माझ्या रूममेटशी होती, अगदी कागदोपत्री. तेव्हा आपल्याकडे ७०:३० चा नियम होता: सरकारी कॉलेजातल्या राज्याच्या वाट्याच्या सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातून बारावी झालेल्यांना, उरलेल्या तीस टक्के सगळ्या राज्याला. २०२० च्या सप्टेंबरात तो रद्द झाला. मराठवाड्यात तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेजं चारच: औरंगाबाद, अंबाजोगाई, लातूर, नांदेड. देशभरातून अकरा लाखांवर मुलं बसणार होती, पण त्यांचं मला काही नव्हतं. माझ्या यादीतली पोरगी माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची.

ती परभणीकडची. पहाटे चारला उठायची, टेबल लॅम्पवर ओढणी टाकायची, म्हणजे माझी झोप मोडू नये. रोटेशनल मोशन मला तिने शिकवलं, स्टीलच्या ताटलीला बोटावर फिरवून. क्लासच्या सरांना तीन वेळा विचारून जे कळलं नव्हतं ते त्या ताटलीवर कळलं.

आता जे सांगते ते त्या मुलींना सांगत नाही. मार्चमध्ये माझ्या मावसभावाने पुण्याहून एका टेस्ट सिरीजच्या झेरॉक्स पाठवल्या. जाड गठ्ठा होता. तो मी ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली ठेवला. (साड्या का नेल्या होत्या देव जाणे, आईने भरल्या.) रूममेट अंघोळीला गेली की मी तो काढायची, दार वाजलं की आत. अशाने अभ्यास काय होणार? दोन पेपर सोडवले असतील. बाकी गठ्ठा तसाच राहिला. माझी सगळी हुशारी तो लपवण्यात गेली.

त्याच सुमारास कधीतरी मी यादी खालून वाचून पाहिली. मजेत नाही, त्या दिवशी वरून वाचायचं धाडसच नव्हतं. खाली केवढी नावं होती! त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नसे, फ्लेक्सवर तर नसतातच. वरच्या मुली माझ्यापेक्षा हुशार होत्या, शेवटपर्यंत राहिल्या. पण मला पहिलं यायचंच नव्हतं, चार कॉलेजांतली एक खुर्ची हवी होती. म्हणून मुलींना मी एवढंच विचारते, "तुला किती मार्क लागतील, कधी मोजलंस का? गेल्या वर्षीची शेवटची जागा कितीवर गेली?" बहुतेकींनी पाहिलेलं नसतं. टॉपरचे मार्क मात्र तोंडपाठ असतात.

७ मे २०१७. अर्ध्या बाह्या, चपला, कानातले काढून आईकडे. सेंटरच्या फाटकाशी रूममेटने माझं अॅडमिट कार्ड उलटसुलट बघितलं, फोटो नीट चिकटलाय ना म्हणून. माझ्या आईने बघितलं नव्हतं, मीही नाही.

तिला पहिल्या फेरीत कॉलेज मिळालं, मला दुसऱ्या. माझी यादी लागली त्या सकाळी माझ्याआधी तिने पाहिली आणि फोन केला. आवाज ऐकूनच मला कळलं. मी थँक्यू म्हटलं, फिजिक्सचंही म्हटलं. झेरॉक्सचं ओठांवर आलं होतं.

"बोल ना," ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं, "हॉस्टेलला गादी न्यावी लागते का गं?"