न चाखता केलेली कटाची आमटी

काल होळी झाली, पाय अजून दुखतायत पण लिहून ठेवते, नाहीतर विसरायला होईल.

आईच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे त्यामुळे यंदा पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे आला. मी जे काही थोडंफार शिकलेय ते चाखत चाखत, म्हणजे डावातला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटून बघायचा, मग मीठ, मग गूळ, परत थेंब. आणि काल नेमकं तेच करायचं नव्हतं, कारण आमच्याकडे नैवेद्य दाखवायच्या आधी काहीच उष्टवत नाहीत.

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. पुरणाचं त्यातल्या त्यात सोपं, चणाडाळ आणि गूळ वाटीला वाटी, आटत आलं की मधोमध उलथनं उभं करायचं, पडलं नाही म्हणजे झालं. पण आमटीचं तसं नाही ना! डाळीचा निथळलेला कट कधी दाट असतो कधी पातळ, नवी चिंच आणि जुनी काळी चिंच यांचा आंबटपणा वेगळा, गूळ तर प्रत्येक ढेपेचा निराळा, मग माप सांगणार तरी कसं. आईला विचारलं मीठ किती घालू, तर म्हणाली, "उकळी येऊ दे, वास घे, कळेल."

फोडणीत मोहरीचा तडतडाट जरा ओसरला तशी तिकडून आवाज आला, "आता जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि हळद टाकल्या टाकल्या कट ओत, हळद जळाली की आमटी कडू झालीच म्हणून समज." तिने कढईत बघितलंही नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता.

मग चिंचेचा कोळ, गोडा मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, तिखट, थोडंसं पुरण. उकळी आली तेव्हा वाफ नाकाला टोचली, निव्वळ चिंच. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "सुपारीएवढा गूळ टाक अजून." टाकला, आणि खरंच, दोनेक मिनिटांत तो टोचरेपणा खाली बसला आणि मागून खोबरं आणि दगडफूल यायला लागलं. मीठ मी चमच्याने न घेता बोटांनी घेतलं, आई घेते तसं, दोनदा. वास बदलला. कसा ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही पण पहिल्यापेक्षा भरल्यासारखा झाला एवढं नक्की, आणि मी गॅस बंद केला. हे तिने सांगितलं नव्हतं. माझं मला वाटलं.

नैवेद्य झाला, पानं वाढली. आईने डाव्या हातात चमचा धरून आमटी प्यायली, मग पानातल्या डावीकडच्या मिठाची चिमूट आमटीत टाकली, ढवळली, आणि वाटी पुढे करून म्हणाली, "वाढ अजून."