चालू सर्व्हरमधली डिस्क बदलताना

गावातल्या वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यात दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क, दोन्ही एलव्हीएमच्या एकाच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये. एलव्हीएम ही लिनक्सची व्यवस्था डिस्कची जागा अशा ग्रुपमध्ये एकत्र करते आणि तिचे हवे तसे भाग, म्हणजे व्हॉल्यूम, पाडू देते. जुन्या मोडी कागदांचे आणि नियतकालिकांचे स्कॅन त्यांच्यावर आहेत. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या स्मार्टसीटीएलच्या अहवालात एका डिस्कचा १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचताना अडलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा), शून्यावरून वर गेला आणि पुढच्या तपासणीत आणखी वाढलेला दिसला.

"सगळं उघडतंय की, मग डिस्क कशाला बदलतोस?" ग्रंथपाल काकूंचा प्रश्न रास्त होता. पण आमची व्हॉल्यूम लिनियर, म्हणजे डेटा नुसता एकापुढे एक मांडलेला. रेड नाही, मिरर नाही, म्हणजे एका डिस्कवरच्या डेटाची प्रत दुसरीवर नाही. स्कॅनचं व्हॉल्यूम दोन्ही डिस्कवर पसरलेलं. एक डिस्क गेली की दुसरीवरच्या फाइलीही सहसा हाती लागत नाहीत. डिस्क वाचता येतेय तोवरच काम उरकायला हवं होतं.

आधी बॅकअप घेतला, त्यातल्या काही फाइली उघडून पाहिल्या. मग चार टीबीची नवी डिस्क जोडून पीव्हीक्रिएटने ती एलव्हीएमसाठी तयार केली आणि व्हीजीएक्स्टेंडने ग्रुपमध्ये घेतली. ही कामं मिनिटाभराची.

खरा विचार पीव्हीमूव्हच्या आधी करावा लागतो. ही कमांड एका डिस्कवरचे एक्स्टेंट, म्हणजे एलव्हीएमने जागेचे पाडलेले सारखे तुकडे, दुसरीवर हलवते. एक एक्स्टेंट साधारणपणे ४ एमबीचा. त्यात फाइल आहे की मोकळी जागा, हे तिला कळत नाही. त्यामुळे फाइली पुसून तिचं काम कमी होत नाही, अख्खं व्हॉल्यूम काढलं किंवा लहान केलं तरच होतं. आजारी डिस्ककडून जितकं कमी वाचून घ्यावं तितकं बरं, म्हणून चाचणीसाठी केलेलं एक मोठं व्हॉल्यूम एलव्हीरिमूव्हने काढून टाकलं. नंतर पीव्हीमूव्हला 'एन' हा एकच व्हॉल्यूम निवडायचा पर्याय देऊन स्कॅनचं व्हॉल्यूम आधी हलवलं, बाकीची मागाहून. वर लोक निवांत स्कॅन बघतायत आणि खाली तेच स्कॅन एका डिस्कवरून दुसरीवर चाललेत, हे मला फार आवडतं.

मध्येच लाईट गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. तरी डेटाची काळजी नव्हती, कारण एकेक तुकडा पूर्ण कॉपी होईपर्यंत त्याची जुनी प्रत जागेवरच असते. सर्व्हर उठल्यावर डिस्कचं नाव न देता नुसतं पीव्हीमूव्ह चालवलं. शेवटच्या नोंदीपासून काम पुढे सुरू झालं.

डिस्कची यादी दाखवणाऱ्या पीव्हीएसमध्ये जुनी डिस्क पूर्ण मोकळी दिसल्यावर व्हीजीरिड्यूसने ती ग्रुपमधून काढली आणि पीव्हीरिमूव्हने तिच्यावरची एलव्हीएमची खूण पुसली. ती बाहेर काढताना लिनक्सने तिला दिलेल्या एसडीबी या नावावर विसंबलो नाही, रीबूटनंतर ही नावं बदलू शकतात. स्मार्टसीटीएलने दाखवलेला सिरीयल नंबर कागदावर लिहून घेतला होता. सर्व्हर बंद करून तो डिस्कवरच्या लेबलशी ताडला आणि मगच केबल सोडवली. एलव्हीएम डिस्क ओळखतं यूयूआयडीवरून, म्हणजे डिस्कवरच लिहिलेल्या तिच्या खास ओळख-क्रमांकावरून, त्यामुळे नवी डिस्क जुनीच्या पोर्टला लावली तरी सगळी व्हॉल्यूम पहिल्यासारखी वर आली.

नव्या डिस्कवरची उरलेली जागा तूर्त कुणालाही दिलेली नाही. चार टीबीची आणखी एक डिस्क मंजूर झाली की एलव्हीकन्व्हर्ट वापरून स्कॅनच्या व्हॉल्यूमला रेड-१ करणार आहे, म्हणजे त्याची एक प्रत कायम वेगळ्या डिस्कवर राहील.