मिल्टनच्या घरात दख्खनचा वड

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर भाचीकडे होते, लंडनजवळ हॅरोला. पोचल्या दिवसापासून तिच्यामागे एकच लकडा लावला होता: मला सतराव्या शतकातल्या इंग्रज कवी मिल्टनचं घर बघायचंय. सातारा जिल्ह्यातल्या कॉलेजांत तीस वर्षं त्याचं 'पॅराडाइज लॉस्ट', अ‍ॅडम आणि ईव्ह स्वर्ग हरवतात त्याचं महाकाव्य, शिकवलं. ज्या कवितेने पोटापाण्याला लावलं, ती जिथे पुरी झाली ती जागा डोळ्यांनी पाहायची होती.

पण त्याआधी आम्ही लंडनमधल्या व्हाइटहॉल रस्त्यावर गेलो, कारण या घराची गोष्ट तिथे सुरू होते. हॉर्स गार्ड्स या इमारतीच्या घड्याळावर दोनच्या आकड्यापाशी एक काळा डाग आहे. ३० जानेवारी १६४९ रोजी दुपारी दोनच्या सुमारास, समोरच्या बँक्वेटिंग हाउसच्या बाहेर, भर रस्त्यात राजा पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं. कडाक्याची थंडी होती. कुडकुडलो तर लोक म्हणतील राजा घाबरला, म्हणून त्याने अंगात दोन सदरे घातले होते. आता तिथून लाल बसगाड्या जातात, लोक सँडविच खात चालतात. मी त्या घड्याळाकडे बराच वेळ बघत उभी राहिले.

राजा आणि संसद यांच्यातलं हे भांडण नुसतं पैशाचं आणि कराचं नव्हतं. प्रार्थना कशी म्हणायची, चर्चमध्ये बिशप असावेत की नसावेत, यावरून माणसं एकमेकांचे गळे धरत होती. अकरा वर्षं संसदेविना राज्य करणाऱ्या चार्ल्सने स्कॉटलंडवर १६३७ मध्ये नवी प्रार्थनापोथी लादली आणि तिथून आग लागली. १६४२ ला उघड युद्ध. मिल्टन तेव्हा चौतिशीत होता. कविता बाजूला ठेवून तो पत्रकं लिहायला लागला आणि जवळजवळ वीस वर्षं लिहीत राहिला. राजाला शिक्षा करण्याचा लोकांना हक्क आहे, असं त्याने चार्ल्सच्या वधानंतर दोन आठवड्यांत छापून टाकलं. राजाला हरवणाऱ्या संसदेच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल, त्याच्या राजवटीत परराज्यांशी लॅटिनमधून पत्रव्यवहार करण्याची नोकरी धरली. डोळे जात होते तरी लिहिणं थांबलं नाही. १६५२ पर्यंत दृष्टी पार गेली.

आणि १६६० ला राजेशाही परत आली! ज्या क्रांतीसाठी डोळे गेले, तीच बुडाली. त्याची पुस्तकं सरकारी हुकुमाने जाळली, त्याला अटक झाली. कवी अँड्र्यू मार्व्हेल तेव्हा संसदेत होता. त्याने शब्द टाकला म्हणतात, म्हणून हा आंधळा माणूस फाशीतून वाचला.

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने अ‍ॅमरशॅमला उतरलो, तिथून बसने चॅलफंट सेंट जाइल्स. तळं, बदकं, हिरवळ असलेलं लहानसं खेडं. १६६५ च्या प्लेगात लंडनमध्ये माणसं पटापट मरत होती, तेव्हा मिल्टनला हे घर थॉमस एलवुड या क्वेकर (सरकारी चर्च न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या) तरुणाने बघून दिलं. एलवुड एके काळी त्याला लॅटिन वाचून दाखवायला यायचा. पण मिल्टन गावात पोचला तेव्हा एलवुड स्वतःच तुरुंगात होता, क्वेकर असल्याच्या गुन्ह्याबद्दल. धर्माचं भांडण राजा परत आल्यावर मिटलं नव्हतं, फक्त मार खाणारे बदलले होते.

घर विटांचं आणि लाकडाचं, छत इतकं ठेंगणं की भाचीला मान वाकवून फिरावं लागलं. मला वाटलं, आंधळ्या माणसाला अशी ठेंगणी, लहान खोलीच बरी, हात पसरला की भिंत लागते. मिल्टन रात्री मनात ओळी जुळवायचा आणि सकाळी कुणीतरी लिहून घ्यायला येईपर्यंत वाट बघायचा. लेखनिकाला उशीर झाला तर म्हणायचा, मला दोहून घ्या आता. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. गोठ्यातून धार काढून कॉलेजला आलेल्या पोरांना ते क्षणात कळायचं, कास तटतटली की गाय कशी हंबरते ते त्यांना ठाऊक असायचं. दहा हजारांहून जास्त ओळी या माणसाने अशा दोहून दिल्या. एलवुड सुटून भेटायला आला तेव्हा मिल्टनने त्याच्या हातात पुरं हस्तलिखित ठेवलं, ते इथेच. १६६७ ला काव्य छापलं गेलं तेव्हा हातावर पडले पाच पौंड, पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी पाच.

पुस्तकांच्या कपाटापाशी मात्र माझा पाय अडखळला. छपाईवर परवान्याचं बंधन नको, सत्य आणि असत्य खुल्या मैदानात झुंजू द्या, असं १६४४ मध्ये ठणकावून सांगणारं त्याचं पत्रक मी जीव ओतून शिकवलं आहे. पण त्याच पत्रकात तो कॅथलिकांना या मोकळिकीतून वगळतो. आयर्लंडबद्दल त्याने लिहिलेलं तर वाचवत नाही. एवढा मोठा माणूस, आणि इथे त्याचं मन इतकं लहान कसं झालं? मला याचं खरंच वाईट वाटतं. उत्तर मला वर्गातही देता आलं नाही.

आणि त्या वगळलेल्यांपैकी एक जण तर आपला आहे. विल्टशायरमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक पाद्री होणं म्हणजे जिवाशी गाठ. तो रोममध्ये जेझुइट या कॅथलिक संघात गेला आणि १५७९ ला गोव्यात उतरला, तो परत गेलाच नाही. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. सृष्टीची उत्पत्ती, आदिपुरुष आणि त्याची स्त्री, निषिद्ध फळ, सगळं त्यात आहे. तेव्हा मिल्टन सात-आठ वर्षांचा पोर होता. एका इंग्रजाने स्वर्ग हरवल्याची कथा इंग्रजीत सांगितली, त्याआधी पन्नास वर्षं दुसऱ्या इंग्रजाने ती मराठी ओवीत सांगून ठेवली होती. घर सांभाळणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी स्टीफन्सचं नाव ऐकलं नव्हतं, माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.

मग मी त्यांच्याकडे काव्याची साधी प्रत मागितली आणि नववा सर्ग काढला. फळ खाल्ल्यावर अ‍ॅडम आणि ईव्हला लाज वाटते, झाकायला पानं हवीत. कुठल्या झाडाची? मिल्टन म्हणतो, मलबारात आणि दख्खनमध्ये जे झाड हात पसरतं त्याची. फांद्या जमिनीला टेकतात, मुळं धरतात, आईभोवती लेकी उभ्या राहाव्यात तशी खोडं उभी राहतात आणि ऊन चुकवायला गुराखी त्या सावलीत बसून गुरं राखतो. हा आपला वड! सुरूरवरून वाईला येताना रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले वड, ज्यांच्या पारंब्यांना लोंबकळून आम्ही मोठे झालो. त्या ठेंगण्या खोलीत, जिथे एका आंधळ्याने हे काव्य हातावेगळं केलं, मी 'दख्खन' हा शब्द मोठ्याने वाचला आणि माझा आवाज घोगरा झाला.

बाईंनी विचारलं, पान खरंच ढालीएवढं असतं का? मिल्टन तसं म्हणतो. मी तळहात पुढे केला आणि म्हटलं, एवढंच.

त्या रात्री भावाला फोन केला. सकाळी त्याचा फोटो आला: तळहातावर वडाचं पान, देठाशी पांढरा चीक, मागे पारंब्यांआड कुणाची तरी म्हैस. तो मी बाईंना मेल केला.