भाच्याच्या बासरीतला गंधार

रविवार, रात्र

नखांत बांबूचा भुसा अजून आहे. जेवताना ताईने विचारलं, "सुतारकाम केलंस का रे?" एका अर्थी केलंच.

भाचा सकाळीच पांढरी पाचची बासरी, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेली, घेऊन आला. क्लास लावून सात महिने झाले. भूप राग चालू आहे आणि सरांचं दर वेळी एकच, "ग उतरतोय." भूपात वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, गंधारच (ग), म्हणजे बोलणी ठरलेली. सरांनी ती बासरी स्वतः वाजवून पाहिली नसावी. दुसऱ्याच्या बासरीला सहसा कुणी ओठ लावत नाही. पोरगं समजून बसलं होतं की आपली फुंकच कच्ची. "मामा, मला नाही जमत रे."

थंडीत बासरी गार असली की सगळेच स्वर उतरतात, म्हणून आधी दहा मिनिटं वाजवून गरम केली. सा, रे, प, ध, नी जागेवर. ग तेवढा खाली, वरच्या सप्तकातही तितकाच. मग फुंकेचा दोष कुठला? भोकच लहान पाडलेलं. ग वाजताना फक्त पहिलं भोक बंद असतं. स्वर ठरतो तो त्याच्या खालच्या, उघड्या असलेल्या दुसऱ्या भोकावर. ते मोठं केलं की स्वर चढतो, कडेला मेण लावून लहान केलं की उतरतो. मेण खरवडून काढता येतं, घासलेला बांबू काही परत येत नाही. कानस हातात घेतली आणि ठेवून दिली. पॉलिश पेपरची सुरळी उदबत्तीच्या काडीवर गुंडाळली. भोकाच्या वरच्या, म्हणजे तोंडाकडच्या कडेवर चार हात फिरवायचे, भुसा उडवायचा, वाजवायचं. परत चार हात. तासभर हेच. भाचा शेजारी श्वास रोखून, जणू ऑपरेशन चाललंय.

मोबाईलवरचा ट्यूनर, म्हणजे स्वराची उंची मोजणारं ॲप, सा 392 हर्ट्झ दाखवत होता, ग 485. त्याला हवा होता 494, आणि मीही मुकाट्याने तिकडेच निघालो होतो. 489 च्या आसपास सहज तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि हात थांबला. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार 98 ला, तिची पाचपट 490. कुणी न छेडता तानपुऱ्यातून ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. ट्यूनर पेटीतला, सारख्या अंतराने बसवलेल्या पट्ट्यांमधला, जरा चढा गंधार मागत होता! सुरुवातीला ग धरला की तानपुऱ्याशी भांडल्यासारख्या लाटा उठायच्या. त्या आता अगदी संथ झाल्या होत्या. आणखी दोनच हात, आणि लाट बसली. ट्यूनर अजूनही "कमी, कमी" म्हणत होता. म्हणो बापडा. कडा गुळगुळीत केली, मोहरीच्या तेलाचं बोट फिरवलं.

बासरी भाच्याच्या हातात दिली. सा, रे, आणि ग चढला! चांगलाच चढला. मला घामच फुटला. पुन्हा वाजवायला लावलं आणि या वेळी ऐकण्याऐवजी पाहत बसलो. ग आला की पठ्ठ्या बासरी किंचित बाहेर वळवत होता, फुंकही जोरात. सात महिने बोलणी खाऊन, कुणी न सांगता, त्याने स्वतःच शोधलेला इलाज. सावकाश वाजवताना तो चालायचा, लय वाढली की सुटायचा आणि ग पुन्हा खाली.

मी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. "हलवू नकोस."

"मग ग कसा लागणार?"

"नुसतं बोट उचल."

आठ-दहा वेळा केल्यावर एकदा लागला. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्याच वेळी मनगट परत वळलं. उद्या शाळा सुटल्यावर येणार आहे.